प्रश्न तिसऱ्या दाराचा

(नागपूर येथे नोकरदार महिलांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकार भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय बोलायला अवघड आहे. स्वच्छतागृहाविषयी चारचौघांत बोलणे आपल्याकडे शिष्टसंमत मानले जात नाही आणि तृतीयपंथीयांविषयी बोलताना समाजाची जीभ एक तर कुचेष्टेकडे वळते, नाही तर दयेकडे. या दोन्ही गोष्टी आज बाजूला ठेवू. कायदा काय सांगतो, न्यायालये काय सांगतात आणि कचेऱ्यांतून प्रत्यक्षात काय होते, एवढेच पाहू.

आपल्या लेकी-सुना आज मिहानमध्ये, पुण्याला हिंजवडीत, बंगळुरूला बहुराष्ट्रीय कंपन्यांत नोकरी करतात. अशा कित्येक कंपन्यांची धोरणपुस्तिका सातासमुद्रापलीकडच्या मुख्य कार्यालयात लिहिली जाते आणि येथे जशीच्या तशी लागू होते. ‘सर्वसमावेशकता’ या भारदस्त शीर्षकाखाली त्यात अनेकदा अशा आशयाचे एक कलम असते की, कर्मचारी स्वतःला ज्या लिंगाचा मानतो त्या लिंगाचे स्वच्छतागृह किंवा कपडे बदलण्याची खोली त्याला वापरता येईल. प्रमाणपत्र नको, विचारणा नको, आणि ज्यांची ती खोली आहे त्या स्त्रियांची संमती तर नकोच नको. माझा आक्षेप या एका कलमाला आहे.

तृतीयपंथी व्यक्तीला नोकरी मिळू नये, असे मी म्हणत असल्याचा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद झाली. ही आपलीच माणसे आहेत. २०१८ साली आपल्या नागपुरात लोकअदालतीच्या पॅनेलवर विद्या कांबळे बसल्या, तेव्हा या शहराला त्याचा अभिमान वाटला. २०१५ मध्ये किन्नर आखाड्याची स्थापना झाली आणि २०१९ च्या प्रयागराज कुंभात त्याची मिरवणूक पाहायला भाविकांनी गर्दी केली. जानेवारी २०२३ मध्ये ‘पांचजन्य’ आणि ‘ऑर्गनायझर’ यांना दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनीही हा वर्ग पूर्वापार आपल्या समाजात आहे आणि त्याला समाजात स्थान आहे, हेच सांगितले. तेव्हा प्रश्न माणसांच्या स्वीकाराचा नाही. प्रश्न असा आहे की, व्यवस्थापनाने करायची सोय न करता तिचा भार स्त्रियांच्या खोलीवर टाकायचा का?

आता ही स्त्रियांची खोली आली कोठून, ते पाहा. जणू ती जुन्या कर्मठपणाची खूण आहे, असे तथाकथित पुरोगामी मंडळी अलीकडे बोलू लागली आहेत. इतिहास नेमका उलटा आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी याच शहरात एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी काढणारी ही गिरणी, त्या काळाच्या मानाने पुष्कळ पुढची. २००२ साली ती बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. गिरण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला येऊ लागल्या तसे त्यांच्या सोयींचे प्रश्न पुढे आले आणि कित्येक दशकांनंतर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने ते कायद्याच्या भाषेत आणले. त्याच्या १९ व्या कलमाने स्त्री आणि पुरुष कामगारांसाठी स्वतंत्र, बंदिस्त शौचालये मालकावर बंधनकारक केली आणि ४२ व्या कलमाने धुण्या-अंघोळीची सोय वेगळी ठेवायला सांगितली. म्हणजे स्वतंत्र खोली हा घराच्या चौकटीतून आलेला सोवळेपणा नव्हे. घराबाहेर कामाला निघालेल्या स्त्रीने मिळवलेला तो हक्क आहे.

आणि तोही सहजासहजी मिळालेला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी या व्यवसायात आले. ज्या दैनिकात पहिली नोकरी केली, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, तेथे स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृहच नव्हते. रात्रपाळीला येण्याआधी पाणी प्यायचे नाही, हा आमचा अलिखित नियम होता. अर्जामागून अर्ज केल्यावर जिन्याखालची अडगळीची खोली मिळाली. तिची कडी आतून नीट लागते की नाही, हे पाहायला आम्ही तिघी जणी एकत्र गेलो होतो. समोर बसलेल्या भगिनींपैकी अनेकींना ‘कडी आतून लागते का’ या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे बांधण्याविषयी निर्देश दिले. त्या मंडळींशी आपले अनेक बाबतींत पटत नाही, पण हे काम त्यांनी केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जे घडले, ते आठवा. ड्यूटीवरच्या त्या तरुण डॉक्टरला रात्री विसाव्यासाठी सेमिनार हॉलमध्ये जावे लागले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश मुळातून वाचण्यासारखा आहे. पुरुष डॉक्टर, स्त्री डॉक्टर, पुरुष परिचारक आणि परिचारिका यांच्यासाठी विसाव्याच्या वेगवेगळ्या खोल्या आणि त्याखेरीज सर्वांसाठी एक सामाईक जागा, असा विचार न्यायालयाने मांडला. सामाईक जागा त्यात आहे, पण ती स्त्रियांच्या खोलीच्या जागी आलेली नाही. तिच्या जोडीला आली आहे. आजच्या विषयाचे सगळे सार या भेदात आहे.

एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालाचा दाखला कंपन्यांची मंडळी नेहमी देतात. सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, मग वाद उरतो कोठे, असे ते विचारतात. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी तो अधिकार मान्य केला, हे खरेच आहे. पण त्याच निकालपत्राच्या शेवटच्या निर्देशांत तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारण्यास सरकारांना सांगितले आहे. ओळख कोणती मानायची आणि खोली कोणती द्यायची, हे न्यायालयाने दोन वेगळे प्रश्न मानले आणि दोन वेगळी उत्तरे दिली. धोरणपुस्तिका लिहिणाऱ्यांनी पहिले उत्तर उचलले, दुसरे वाचलेच नाही.

पुढचे सगळे धागे त्याच दिशेने जातात. २०१९ च्या कायद्याखाली २०२० साली जे नियम झाले, त्यांनी प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण प्रसिद्ध करायला सांगितले आणि त्यात कोणत्या सोयी नमूद करायच्या, याचे उदाहरण म्हणून ‘युनिसेक्स’, म्हणजे कोणत्याही एका लिंगासाठी राखून न ठेवलेल्या स्वच्छतागृहांचा उल्लेख केला. १५ जानेवारी २०२५ रोजी राजीब कलिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असा आदेश दिला. आणि कामगार कायद्यांच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्या २३ व्या कलमात शौचालयांबाबत आणि २४ व्या कलमात स्नानाच्या जागा व लॉकर रूमबाबत शब्द कोणते आहेत? पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी कर्मचारी यांच्यासाठी ‘वेगवेगळी’ व्यवस्था. १९४८ च्या कायद्यात दोन दारे होती. आपल्या संसदेने तिसरे दार जोडले आणि दुसरे दार कायम ठेवले.

तिसऱ्या दाराची गरज केवळ स्त्रियांना आहे, असेही नाही. २०२२ साली आपल्याच मध्यवर्ती कारागृहातल्या एका तृतीयपंथी बंद्याची तक्रार वृत्तपत्रांत आली. पुरुष बंद्यांसोबत ठेवल्यामुळे आपल्यावर अत्याचार झाला, असा तो आरोप होता. आरोप खरा की खोटा, हे न्यायालयाने ठरवायचे. पण अशा व्यक्तीला पुरुषांच्या बराकीत ढकलणे धोक्याचे आहे, हे कळायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. त्याच वर्षी जानेवारीत केंद्रीय गृहमंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून तृतीयपंथी बंद्यांसाठी स्वतंत्र जागा, स्वतंत्र शौचालय आणि स्नानगृह ठेवावे, पण त्यांना एकाकी पाडू नये, अशी सूचना केली. पुरुषांच्या खोलीत पाठवू नका आणि स्त्रियांच्या खोलीतही नको, तर मग कोठे, या प्रश्नाचे हे सरळ उत्तर आहे.

मग कंपन्या ते का देत नाहीत? मला यात तत्त्वज्ञान फारसे दिसत नाही, हिशेब दिसतो. तिसरी खोली बांधायची म्हणजे जागा काढायची, नळ घालायचा, मलवाहिनी जोडायची, सफाईला माणूस नेमायचा. भाड्याच्या मजल्यावर दर चौरस फुटाचे पैसे मोजावे लागतात. त्यापेक्षा पुस्तिकेत एक परिच्छेद घालणे स्वस्त. वर पुरस्कारही मिळतो. जून महिन्यात इंद्रधनुषी रंगांची पताका लावायची, छायाचित्र काढायचे, की समावेशकता पूर्ण झाली. खर्च कंपनीने करायचा तो टळला आणि त्याची किंमत चुकवायची कोणी, तर रात्रपाळीच्या मुलीने. कोची मेट्रोने २०१७ साली २३ तृतीयपंथी व्यक्तींना नोकरी दिली, देशभर कौतुक झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींनी नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कोणी घर भाड्याने देईना. घोषणा आणि सोय यांत हे अंतर असते.

परदेशात काय चालले आहे, तेही पाहू, कारण या पुस्तिकांचे मूळ तिकडचे आहे. इंग्लंडमध्ये डार्लिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, जन्माने पुरुष असलेल्या आणि स्वतःला स्त्री मानणाऱ्या एका सहकाऱ्याला रुग्णालयाच्या धोरणानुसार प्रवेश होता. २६ परिचारिकांनी सह्यांचे पत्र दिले. उत्तर काय मिळाले, तर तुम्हीच आपली दृष्टी विशाल करा. त्यांतल्या काही जणींनी दावा लावला आणि जानेवारी २०२६ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निर्णय देताना दोष धरला तो हे धोरण राबवणाऱ्या संस्थेला. त्याआधी १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचही न्यायाधीशांच्या एकमताने सांगितले होते की, समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक स्त्री असाच आहे. आणि त्याच श्वासात, तृतीयपंथी व्यक्तींना भेदभावापासून मिळणारे संरक्षण कायम आहे, हेही सांगितले. सगळीच न्यायाधिकरणे एका सुरात बोलली, असे नाही. एडिनबरो येथे एका स्त्री अभियंत्याचा असाच दावा २०२५ च्या अखेरीस फेटाळला गेला. तरीही जेथून हे धोरण आले, तेथेच ते आता तपासले जात आहे आणि आपण मात्र त्याची जुनी आवृत्ती प्रमाण मानून चाललो आहोत!

आपल्या परंपरेचा दाखला देऊनही काही जण युक्तिवाद करतात. अर्जुन बृहन्नडेच्या रूपात विराटाच्या अंतःपुरात राहिला, मग तुम्हाला अडचण कसली, असे मला एका परिसंवादात विचारले गेले. विचारणाऱ्यांनी विराटपर्व वाचलेले दिसत नव्हते. उत्तरेला नृत्य शिकवायला बृहन्नडेला पाठवण्याआधी राजाने तिची खात्री करून घेतली, असे महाभारतच सांगते. शब्दावर विसंबून त्याने कन्यांच्या महालाचे दार उघडले नाही. आता आजच्या कचेरीत कोणाची खात्री करायची आणि कशी? दारावरच्या सुरक्षारक्षकाने कोणाला अडवावे? अशी तपासणी अपमानास्पद आहे आणि ती कोणाचीही होता कामा नये. म्हणूनच तर तिसरी खोली हवी. तेथे कोणालाच काही सिद्ध करावे लागत नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो आणि दीक्षाभूमीच्या या शहरात तो टाळून पुढे जाता येणार नाही. ‘वेगळी’ हा शब्द आपल्या समाजाने फार वाईट अर्थाने वापरला आहे. वेगळा पाणवठा, वेगळी पंगत. तृतीयपंथीयांसाठी वेगळी खोली ही नवी अस्पृश्यता नव्हे काय? याचे माझे उत्तर असे. पाणवठ्यावर स्पर्शाचा विटाळ मानून माणसाला हीन ठरवले होते. स्त्री आणि पुरुष यांच्या खोल्या वेगळ्या असतात, त्यात कोणी हीन नसतो. देहाच्या लज्जेचा तो भाग असतो. परंतु तिसरी खोली जर वाहनतळाच्या मागे, दिवा नसलेल्या कोपऱ्यात बांधली आणि तिच्यावर ठसठशीत पाटी लावली, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. म्हणून ती खोली त्याच मजल्यावर हवी, तितकीच स्वच्छ हवी, एका वेळी एकाच व्यक्तीने वापरायची, जमिनीपासून छतापर्यंत बंद दाराची हवी आणि ती कोणालाही वापरता यावी. लहान मुलाला घेऊन आलेला बाप, व्हीलचेअरवरचा सहकारी, नुकतीच बाळंत होऊन कामावर परतलेली आई यांपैकी कोणीही तेथे जावे. मग आत जाणारा कोण, याची चर्चा होणार नाही. दिल्ली मेट्रोने २०२१ साली स्थानकांवरची दिव्यांगांची स्वच्छतागृहे तृतीयपंथीयांनाही खुली केली, ती अशाच विचाराने.

‘आतल्या कप्प्यांना दारे असतातच, मग काय बिघडले?’ हेही ऐकायला मिळते. असे म्हणणारे बहुधा पुरुष असतात. स्त्रियांचे स्वच्छतागृह म्हणजे केवळ कप्पे नव्हेत. साडीच्या निऱ्या तेथे सावरल्या जातात, मासिक पाळीत डाग लागलेला कपडा तेथे धुतला जातो, वरिष्ठांचे बोलणे खाऊन आलेली मुलगी तेथे बेसिनपाशी उभी राहून डोळे पुसते. कारखान्यात तर गणवेश बदलण्याची जागा म्हणजे बहुतेक वेळा एक मोकळी खोली असते, कप्पे नसतातच. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातली कामगार भगिनी याविषयी इंग्रजीत निवेदन लिहून पाठवणार नाही. ती गप्प बसेल, किंवा नोकरी सोडेल आणि कारण सांगेल घरचे.

तृतीयपंथी सहकारी गुन्हेगार असतात, असा सूर या चर्चेत कोठे निघाला, तर तो तेथेच थांबवा. बहुतेकांच्या वाट्याला अत्याचार सोसणेच आले आहे. स्वतःच्या शब्दाखेरीज कोणतीही अट नसलेला नियम मात्र चांगल्या माणसाइतकाच वाईट माणसालाही उपयोगी पडतो आणि नियम लिहिताना दोघांचाही विचार करावा लागतो. तसेच, स्त्रियांसाठीच्या प्रत्येक गोष्टीला मी हाच न्याय लावत नाही. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांना ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर निवडणूक लढवू दिली आणि गावाने त्यांना निवडून दिले. त्याविषयी माझी तक्रार नाही. मते मागून मिळालेली जागा आणि कपडे बदलण्याची खोली यांत फरक आहे.

आता करायचे काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये जेन कौशिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशभरासाठी समान संधी धोरणाचा मसुदा सुचवणे हे तिचे एक काम. तृतीयपंथीयांच्या संघटना तेथे आपली बाजू मांडणारच आणि मांडलीच पाहिजे. नोकरदार स्त्रियांच्या संघटनांनीही लेखी निवेदने तयार ठेवावीत, तिसऱ्या खोलीची मागणी नेमक्या शब्दांत करावी.

आपापल्या कचेरीतही काम आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असते. आपल्याकडचे धोरण मागवून घ्या, त्यातले स्वच्छतागृहाचे कलम वाचा आणि ते ठरवताना स्त्री कर्मचाऱ्यांना विचारले होते का, हे समितीमार्फत लेखी विचारा. तोंडी बोलून ‘संकुचित’ हे विशेषण मिळते, उत्तर मिळत नाही. अर्जात जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या १९ व्या कलमाचा हवाला देऊ नका. नव्या संहितेच्या २३ आणि २४ या कलमांचा द्या. जुने नमुने अजून सर्वत्र फिरत आहेत आणि त्यावरून अर्ज केला की तो परत येतो. आणि कचेरीत तृतीयपंथी सहकारी असतील, तर अर्ज त्यांना आधी दाखवा. तिसरी खोली त्यांनाही हवी असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्यांची सही मिळाली, तर ती सर्वांत वर घ्या.